हात दाखवून अवलक्षण

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर सैनिकाच्या हातवाऱ्यांवर चालणाऱ्या रोबोची बातमी वाचली. फोटो झकास होता, जवान गुडघ्यावर बसलेला, मूठ वर, आणि मागे ती पट्ट्यांवर चालणारी बुटकी गाडी शहाण्या मुलासारखी थांबलेली. बातमीत "अगदी नैसर्गिक", "वेगळं शिकायलाच नको", "माणसाशी बोलावं तसं" हे तीन-चार वेळा आलं होतं आणि मी तिथेच अडकलो. हा "नैसर्गिक" शब्द किती फसवा आहे ते मी स्वतः तोंडावर आपटून शिकलोय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचंच असेल तर माझं पुराण कापा, शरणागतीचा भाग तेवढा राहू द्या.

तर आधी पुराण. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी हाताच्या इशाऱ्यावर चालणारी गाडी केली होती. किनेक्ट नावाचा गेमचा कॅमेरा २०१० च्या शेवटी बाजारात आला होता आणि जो तो त्याच्यावर प्रोजेक्ट करत सुटला होता, त्यातलेच आम्ही. तो कॅमेरा इन्फ्रारेडचे हजारो ठिपके समोर फेकतो आणि ते कुठे किती सरकले त्यावरून समोरच्या वस्तूचं अंतर काढतो. लॅबमध्ये गाडी एकदम आज्ञाधारक, हात वर केला की थांब, पुढे केला की चल. डेमोच्या दिवशी नेमकं आमचं टेबल खिडकीजवळ लागलं, दुपारचं ऊन आत आलं, आणि उन्हातच मुळात इतकं इन्फ्रारेड असतं की आमचे ठिपके त्यात विरघळून गेले, गाडी ठार आंधळी. मग टेबल आत सरकवलं, गाडी सुरू झाली, आम्ही हुश्श केलं, तेवढ्यात परीक्षक सरांनी चष्मा वर सरकवायला हात उचलला आणि गाडी निघाली ती थेट टेबलाच्या पायावर. सर हसले, आम्हीही हसलो, मार्क पण बरे पडले. खेळण्यातली गाडी होती म्हणून हसलो हो.

या भानगडीला त्या क्षेत्रातले लोक मिडास राजाचं नाव देतात. ज्याला हात लावेल ते सोनं, मग जेवायला बसला तर घाससुद्धा सोन्याचा. तसं कॅमेऱ्यासमोर हात हलला की झाला हुकूम. पण माणूस काय फक्त हुकूम द्यायला हात हलवतो का? घाम पुसतो, माशी हाकलतो, खांद्यावरचा पट्टा सरळ करतो, शेजारच्याला काहीतरी सांगताना उगाच हवेत हात फिरवतो. इशारा ओळखायला मशीनला आता फार त्रास होत नाही, साध्या वेबकॅमवर हाताचे २१ बिंदू पकडणारा गूगलचा मीडियापाइप २०१९ पासून फुकट मिळतोय, मी अजूनही रविवारी त्याच्याशी खेळत बसतो. खरी मारामार आहे ती "हा हात हललाय पण हा इशारा नाहीये" हे ओळखण्यात.

आता सैन्याला हे का हवंय तेही सांगतो, कारण उगाच नाक मुरडायला मी बसलेलो नाही, गरज खरीच आहे. पॅकबॉट नावाचा रोबो २००२ पासून अफगाणिस्तानात गुहा तपासायला आणि नंतर इराकमध्ये रस्त्यावर पेरलेले बॉम्ब बघायला वापरला गेला. तो चालवणाऱ्याकडे स्क्रीन आणि जॉयस्टिकचा डबा असायचा, पुढे तर गेमचे कंट्रोलर आले, म्हणजे नवीन भरती झालेल्या पोरांना ते आधीच पाठ. पण स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेल्या सैनिकाला आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा उभा करावा लागतो, म्हणजे एका रोबोमागे दोन माणसं गुंतली. त्यापेक्षा नजर समोर, बंदूक एका हातात आणि दुसऱ्या हाताने "ये, थांब, तिकडे जा", हे कुणालाही पटेल.

आणि दुसरं कारण, जे बातमीत यायला हवं होतं आणि आलं नाही, ते रेडिओचं. युक्रेनमध्ये २०२२ पासून दोन्ही बाजू एकमेकांचे सिग्नल जॅम करतायत, इतकं की २०२४ पासून मागे बारीक फायबरची तार सोडत उडणारे ड्रोन सर्रास दिसायला लागले, म्हणजे वायरलेसच्या जमान्यात परत वायर. हाताचा इशारा जॅम करता येत नाही. त्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत त्यामुळे कुणी दूर बसून हा सैनिक कुठे आहे ते शोधू शकत नाही. आवाजही नाही. आवाजावरून आठवलं, सैन्याचं ओझं वाहणारा चार पायांचा एलएसथ्री रोबो अमेरिकन मरीन्सनी बाजूला ठेवला तो मुख्यतः इंजिनच्या घरघरीमुळे, शत्रूला एवढा बँडबाजा ऐकू गेल्यावर लपायचं काय! तर असा सगळा विचार केला की करपल्लवी हे सैनिकांचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात गुपचूप यंत्र आहे हे मान्यच. करपल्लवी हा आपला शब्द किती छान आहे, बातमीत "जेश्चर कंट्रोल" म्हटलंय, असो.

पण सैनिकांची करपल्लवी चालते कशी ते नीट बघा. पुढचा मूठ वर करतो, म्हणजे जागच्या जागी गोठा. मागचा ती बघतो आणि स्वतः मूठ वर करतो, त्याच्या मागचा परत तेच, असा इशारा रांगेत शेवटपर्यंत जातो. म्हणजे इशारा नुसता दिला जात नाही, तो पोचल्याची पावती पण मिळते. शिवाय देणारा कोण आहे ते घेणाऱ्याला ठाऊक असतं, अंधारात नुसत्या चालण्यावरून ओळखतात एकमेकांना. आणि इशारा विचित्र वाटला तर माणूस भुवया वर करून "काय?" असं विचारतो. या तिन्ही गोष्टी त्या हातात नसतात, त्या दोन माणसांच्या मधे असतात, आणि रोबोला आपण देतोय तो फक्त हात.

यावर प्रयोग काही आजचे नाहीत. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात २००९ सालीच पॅकबॉटवर अंतर मोजणारा कॅमेरा बसवून त्याला "मागे ये", "थांब" असे इशारे शिकवले होते, पैसा अर्थातच संरक्षण खात्याकडून आलेला. मग २०१२ मध्ये एमआयटीने विमानवाहू जहाजाच्या डेकवरचं काम केलं. तिथे पिवळ्या शर्टातली माणसं हाताच्या खुणांनी वैमानिकाला गाडीसारखं मागे-पुढे घेतात. उद्या वैमानिक नसलेलं विमान आलं तर त्याला या खुणा कळतील का, हा प्रश्न. २४ खुणा, २० माणसं, प्रत्येकाने प्रत्येक खूण २० वेळा केलेली, म्हणजे ९६०० नमुने. निकाल तेव्हा ७६ टक्के बरोबर. पेपरला ७६ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन, पण डेकवर चारातली एक खूण चुकली तर विमान समुद्रात. नंतरच्या वर्षांत आकडा खूप सुधारला हे खरं आहे, पण मला त्यातली एक साधी जोडी कायम आठवते. ब्रेक लावा या खुणेत उघडा तळवा दाखवून मूठ मिटतात, ब्रेक सोडा या खुणेत मिटलेली मूठ उघडतात. झालं, एवढाच फरक, तीच हालचाल उलटी. आता कॅमेऱ्यासमोरून क्षणभर कुणी आडवं गेलं, धूर आला, आणि खुणेचा फक्त अर्धा भाग दिसला तर मशीनने काय समजायचं? ब्रेक लावू की सोडू?

आणि गंमत म्हणजे २०१३ च्या जुलैमध्ये एक्स-४७बी हे विनावैमानिक विमान खरोखर विमानवाहू जहाजावर उतरलं तेव्हा डेकवर त्याला फिरवायला काय होतं? हातावर बांधायचा कंट्रोलर. पिवळ्या शर्टवाला नेहमीच्या खुणा करणार आणि त्याच्याबरोबरचा ऑपरेटर त्या बघून कंट्रोलरवर आज्ञा देणार, म्हणजे खूण वाचायचं काम माणसाकडेच ठेवलं. मला यात काही मागासलेपणा वाटत नाही, उलट शहाणपणा वाटतो.

थोडा हिशोब करू. समजा आजचा रोबो खूप हुशार आहे आणि हजारात एकदाच चुकतो. तो समोरच्या माणसाकडे सतत बघतोय आणि दर तीन सेकंदांनी ठरवतोय की हा इशारा आहे की नाही. आठ तासांच्या गस्तीत असे निर्णय होतात ९६०० (योगायोग बघा, तोच आकडा). हजारात एक म्हणजे नऊ-दहा वेळा रोबो काहीतरी भलतंच करणार, रोज. सामान वाहणारा असेल तर दहा वेळा उगाच थांबेल, वैताग येईल पण चालेल. पण त्याच्या पाठीवर सामानाऐवजी बंदूक असेल तर? हा माझा घरगुती हिशोब आहे, खऱ्या यंत्रात "आता मी इशारा देतोय" हे सांगायला एखादं बटण किंवा आधीची एक ठराविक खूण ठेवतात आणि आकडा खूप खाली येतो, मान्य. मग माझं म्हणणं एवढंच की बटण दाबायचंच आहे तर ते "नैसर्गिक" कुठे गेलं?

हातमोज्यात सेन्सर बसवायचा किंवा कोपराच्या खाली हातावर पट्टा बांधून स्नायूंतले विद्युत संकेत वाचायचे हा दुसरा रस्ता आहे. मायो नावाचा असा पट्टा काही वर्षं बाजारात मिळायचा, आठ सेन्सरचा, २०१८ मध्ये कंपनीनेच बंद केला. मोज्याचा मोठा फायदा म्हणजे हात कुणाचा हा प्रश्नच सुटतो, धूळ असो रात्र असो फरक पडत नाही. तोटा असा की मोज्याकडून रोबोकडे संदेश परत रेडिओनेच जाणार, म्हणजे जॅमिंगपासून पळून आपण फिरून तिथेच आलो.

कॅमेरा ठेवला तर हात कुणाचा हे मोठं दुखणं आहे. वर केलेली मूठ ही काही सैनिकाची खासगी मालमत्ता नाही, जगभर सगळ्यांना माहीत असलेली खूण आहे. समोरच्याने झुडपातून हात काढून मूठ दाखवली तर रोबो थांबणार का? गणवेश बघून ठरवा म्हणाल तर गणवेश चोरता येतो, चेहरा बघून ठरवा म्हणाल तर चेहऱ्यावर गॉगल, मास्क, चिखल. आणि मशीनच्या डोळ्यांवर किती विसंबायचं? २०१९ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी एक रंगीबेरंगी चित्र पोटाशी धरलं तर माणूस शोधणाऱ्या कॅमेऱ्याला समोर माणूसच दिसत नाही असं दाखवलं होतं. त्याहून भारी किस्सा अमेरिकन मरीन्सचा. माणूस ओळखायला शिकवलेल्या यंत्राला चकवून त्याच्यापर्यंत पोचायचं अशी चाचणी होती, आठ जण होते आणि आठही जण पोचले. दोघे तीनशे मीटर कोलांट्याउड्या मारत गेले, दोघे खोक्याखाली लपून खिदळत गेले, एकजण झाडाच्या फांद्या अंगाला लावून झाड होऊन गेला. यंत्राला चालणारी माणसं शिकवली होती, कोलांट्या मारणारी नव्हे. अशा यंत्राला मी हाताने सांगणार आणि ते ऐकणार, आणि माझ्याशिवाय कुणाचं ऐकणार नाही, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

पण हे सगळं तंत्राचं झालं, ते आज नाही उद्या सुटेल. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते वेगळंच आहे.

१९९१ च्या आखाती युद्धात कुवेतच्या फैलाका बेटावर इराकी सैनिकांच्या डोक्यावर एक छोटं विनावैमानिक विमान घिरट्या घालत होतं, पायोनियर नावाचं. ते आलं की पाठोपाठ युद्धनौकेच्या तोफा सुरू होतात हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. त्यांनी हाताला येईल ते पांढरं कापड काढलं आणि त्या विमानाकडे बघून हलवायला सुरुवात केली. माणसं यंत्राला शरण गेल्याची ही पहिली नोंद मानतात. ते वाचले कारण विमानाच्या कॅमेऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जहाजावर माणूस बसला होता आणि त्याला बघताक्षणी कळलं की ही माणसं काय सांगतायत. मग २०२३ च्या मे महिन्यात बाखमुतजवळ एका रशियन सैनिकाने खंदकातून वर युक्रेनच्या ड्रोनकडे बघत हातवारे करून "मारू नका" असं विनवलं, ड्रोनवाल्यांनी त्याला चिठ्ठी टाकली, आणि तो ड्रोनच्या मागे मागे चालत त्यांच्या बाजूला गेला. तो व्हिडिओ मी पाहिलाय. त्या माणसाचे हात डोळ्यांसमोरून जात नाहीत. कुठल्याही पुस्तकात नसलेल्या खुणा होत्या त्या, भीतीने जशा सुचतील तशा, आणि तरी ड्रोन चालवणाऱ्याला त्या कळल्या कारण तोही माणूसच.

आता सांगा, युद्धात रोबोसमोर हात हलवणारा फक्त आपला सैनिक असतो का? समोरचाही हलवतो. आणि त्याच्या हलवण्याला कायद्याचं वजन आहे, जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जोड करारात कलम ४१ आहे, जो शरण येतोय हे स्पष्ट दाखवतोय त्याच्यावर हल्ला करता येत नाही. दाखवतोय कशाने? हाताने! मग हात वाचणारा रोबो बनवताना कोशात पहिला शब्द कुठला हवा? बातमीतल्या यादीत मूठ होती, बोट होतं, "माझ्यामागे ये" होतं, वर्तुळ होतं. दोन्ही हात वर, हे नव्हतं.

यावर कुणी म्हणेल की टाका ना एक खूण वाढवून, त्यात काय. सोपं नाहीये ते. विमानतळावर विमानांना जागा दाखवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय खुणांमध्ये दोन्ही हात डोक्यावर सरळ वर करणे याचा अर्थ आहे "तुझी जागा ही, इकडे ये". तीच मुद्रा खंदकाबाहेर आलेल्या माणसाची म्हणजे "मी संपलो, मारू नका". यंत्राला मुद्रा कळेल, प्रसंग कळेल का? माणसांचीसुद्धा यात गफलत होते. इराकमध्ये २००३ नंतर अमेरिकन चेकपोस्टवर तळवा पुढे करून सैनिक सांगायचा थांब, आणि समोरून गाडी घेऊन येणाऱ्याला वाटायचं हा हॅलो करतोय, अशा बातम्या तेव्हा येत होत्या आणि पुढे काय व्हायचं ते लिहायला नको. दोन्हीकडे माणसं असून ही गत. शिवाय शरण येणारा माणूस काही प्रशिक्षण घेऊन येत नाही, एक हात जखमी असेल तर एकच वर करेल, किंवा पोराला कडेवर घेतलेली बाई एक हात हलवेल, कुणी नुसता गुडघ्यावर बसेल. यांचे नमुने कुठल्या लॅबमध्ये २० माणसांकडून २० वेळा करून घेणार?

जबाबदारीचाही एक गुंता आहे. अमेरिकन संरक्षण खात्याचा ३००० पूर्णांक शून्य नऊ नंबरचा एक आदेश आहे, २०१२ चा, २०२३ मध्ये सुधारलेला, त्यात बळ वापरताना माणसाचा योग्य तेवढा विचार-निर्णय असायला हवा असं म्हटलंय. ठीक. बटण दाबलं तर नोंद राहते की अमुक वाजता अमुक बटण दाबलं. हाताच्या इशाऱ्यात नोंद कशाची राहते? मशीनला जे कळलं त्याची. मी हात हलवला डावीकडे जा म्हणून आणि मशीनला कळलं पुढे जा, तर कागदोपत्री हुकूम माझाच, हात माझाच, "माणसाचा निर्णय" पण माझाच. उद्या चौकशीत सैनिक म्हणेल मी असं सांगितलंच नव्हतं आणि कंपनी म्हणेल आमच्या लॉगमध्ये तर हेच आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

माझा विरोध सरसकट नाही. जखमीला ओढून आणणारी गाडी, पाणी-दारूगोळा वाहणारी गाडी, बॉम्बजवळ जाऊन बघणारी गाडी, यांना हाताने "चल" आणि "थांब" सांगा, जरूर सांगा, सैनिकाचा जीव वाचत असेल तर माझ्या चष्म्याच्या किश्श्याला कोण विचारतो. चुकली तरी थांबण्याकडे चुकेल अशी बनवा म्हणजे झालं. पण गोळी सुटण्याशी संबंध असलेली एकही गोष्ट हवेत फिरणाऱ्या हातावर ठेवू नका, निदान तोपर्यंत तरी नको जोपर्यंत तेच यंत्र समोरच्याचे वर केलेले हात बघून आपणहून थांबत नाही, आणि ते थांबणं सैनिकाच्या इशाऱ्यापेक्षा वरचढ असेल, म्हणजे इकडून "चल" आणि तिकडून हात वर असं झालं तर हात वर जिंकले पाहिजेत. यावर सैन्यातले लोक म्हणतील की मग शत्रू खोटे हात वर करून रोबोला गंडवेल. गंडवेल की. खोटी शरणागती दाखवून घात करायला त्याच जोड करारात बंदी आहे, आणि गंडला तर गंडला, रोबोच गेला ना, माणूस तर नाही गेला. रोबो पाठवायचा तो याचसाठी ना?

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. अशा प्रात्यक्षिकाला पुढच्या वेळी जाल तेव्हा किती इशारे ओळखले हा आकडा ते स्वतःहून देतीलच, तो तर ब्रोशरवरच असतो. त्यांना विचारा की कुणीच इशारा दिला नव्हता तेव्हा रोबो किती वेळा हलला. आणि जमलं तर, सगळे फोटो काढत असताना, एकदा त्या गाडीसमोर उभं राहून दोन्ही हात वर करून बघा काय करते ती, आणि ते छापा.

आपला,
एक जुना वाचक